सोरायसिस आणि त्वचेवरचे जिवाणू

निरोगी त्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी साधारण महिनाभराने पृष्ठभागावरून गळून पडते, तर सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास अवघ्या 3 ते 5 दिवसांत उरकतो आणि अपक्व पेशींचे चंदेरी पापुद्रे साचत जातात. ते पाहून लोक रुग्णाचा स्पर्श टाळतात, ही फार दुःखद गोष्ट आहे, कारण हा आजार संसर्गजन्य नाही. तरीही त्यात जिवाणूंचा वाटा आहेच.

त्याचा सर्वांत ठळक पुरावा त्वचेवर नव्हे, घशात सापडतो. स्ट्रेप्टोकॉकस जिवाणूंमुळे घसा सुजल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांच्या आणि तरुणांच्या छाती-पाठीवर सोरायसिसचे थेंबांसारखे बारीक लाल ठिपके उमटतात. या जिवाणूच्या एका प्रथिनाचे काही तुकडे आपल्या त्वचेतील केराटिन या प्रथिनाशी मिळतेजुळते असल्याने, त्यांच्याविरुद्ध सज्ज झालेल्या टी-पेशी (प्रतिकारयंत्रणेच्या लढाऊ पेशी) आपल्याच त्वचेवर उलटत असाव्यात, असे मानले जाते. अर्थात, असा घसा सुजलेल्या प्रत्येकाला हे होत नाही. त्यासाठी आनुवंशिक कलही लागतो.

त्वचेवर कायम वस्तीला असणाऱ्या जिवाणूंचे चित्र इतके सरळ नाही. चट्ट्यांवर क्युटिबॅक्टेरियम कमी आणि स्टॅफिलोकॉकस जास्त असल्याचे अनेक पाहण्यांत दिसले. पण कोपराची कोरडी त्वचा आणि काखेची ओलसर त्वचा यांवरील वस्ती मुळातच वेगळी असल्याने निष्कर्ष सगळीकडे जुळत नाहीत. शिवाय खवले धरलेल्या त्वचेवर राहणारे जिवाणू बदलणारच, त्यामुळे हा बदल आजाराचे कारण की परिणाम, हे नुसत्या मोजणीतून ठरत नाही.

मला अधिक विलक्षण वाटते ती त्वचेची शस्त्रसज्जता. चट्टे भेगाळलेले असूनही एक्झिमाच्या तुलनेत त्यांत जंतुसंसर्ग कमी होतो, कारण तिथे जिवाणूनाशक प्रथिने मुबलक असतात. त्यांपैकी बीटा-डिफेन्सिन-2 हे प्रथिन जर्मन संशोधकांनी 1997 मध्ये सोरायसिसच्या पापुद्र्यांतूनच वेगळे केले. मात्र एलएल-37 नावाचे असेच एक प्रथिन मृत पेशींतून सांडलेल्या डीएनएला चिकटते, तेव्हा प्रतिकारयंत्रणा त्या डीएनएला परके समजून दाह भडकवते.

म्हणूनच जंतुनाशक साबणाने चट्टे घासण्यात अर्थ नाही. उलट त्वचेला इजा झाली, तर त्या जागी नवा चट्टा उठू शकतो. प्रभावी ठरलेली काही नवी औषधे जिवाणूंना मारत नाहीत, तर इंटरल्युकिन-17 हा दाहाचा संदेश अडवतात. तोच संदेश एरवी कॅन्डिडा या बुरशीला आवर घालत असल्याने, ती घेणाऱ्या काही रुग्णांच्या तोंडात बुरशीचे पांढरे डाग येतात.