दिवा नसलेली गावं: विदर्भातल्या रिठी मौजांची पार्श्वभूमी

विदर्भातल्या तालुक्यांच्या गावयाद्या चाळल्या की नावापुढे कंसात ‘रिठी’, म्हणजे ओस पडलेलं, असं लिहिलेली गावं भेटतात. क्षेत्रफळ हेक्टरमध्ये नीट मांडलेलं आणि लोकसंख्येच्या रकान्यात शून्य. नवख्याला वाटतं, टायपिस्ट चुकला. पण 2011 च्या जनगणनेतही महाराष्ट्रात साडेत्रेचाळीस हजारांवर गावं नोंदली गेली आणि वस्ती निघाली सुमारे 41 हजारांत. बाकीच्यांत दिवा लावायला कुणी नव्हतं. अशा गावाला ‘बेचिराख’ म्हणतात. हा शब्द आला तो ‘बेचिराग’वरून, म्हणजे दिवा नसलेलं. राखेचा संबंध लोकांनी मागाहून जोडला.

मुळात ‘गाव’ म्हणजे काय, इथंच गोम आहे. राहणाऱ्याचं गाव म्हणजे पांढरी: घरं, विहीर, मारुती. सरकारचं गाव म्हणजे मौजा: शिवेच्या आतली सगळी काळी, म्हणजे शेतजमीन, आणि तिच्यावरची आकारणी. पांढरी ओस पडली तरी काळी पिकतच राहते, आणि सारा बसतो तो काळीवर. म्हणून माणसं गेली तरी मौजा खोडला जात नाही.

माणसं का गेली? पेंढाऱ्यांच्या धाडी, मग 1896-97 आणि 1899-1900 चे दुष्काळ, प्लेग आणि 1918 ची मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ. 1891 ते 1901 या दहा वर्षांत मध्य प्रांताची लोकसंख्या चक्क घटली. उरलेली चार घरं शेजारच्या गावात जायची, पण वावर तिथंच राहायचं. रोज बंडी जुंपून जुन्या शिवारात जायचं नि संध्याकाळी परतायचं. रिठावर मग चिंच, बुजलेली विहीर आणि शेंदूर फासलेला दगड एवढंच उरतं. पावसाळ्यात खापऱ्या नि जात्याची तळी वर येतात. पांढरी माती चांगली म्हणून लोक ती बंड्या भरभरून नेतात. देव मात्र कुणी हलवत नाही. आखाडीला नारळ फोडायला शेजारच्या गावचे लोक येतातच.

कागद टिकले ते इंग्रजांच्या मोजणीमुळे. मध्य प्रांतात 1866 ला आणि वऱ्हाडात 1867 ला शिरगणती झाली, म्हणजे 1881 च्या देशव्यापी मोजणीच्याही आधी. पण दोन्हीकडची महसुलाची पद्धत वेगळी. वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे सारा थेट शेतकऱ्याकडून, तर नागपूर, वर्धा, भंडारा, चांदा (आताचं चंद्रपूर) पट्ट्यात मालगुजारी. मालगुजार गावाचा मालक, मग गावात माणूस असो वा नसो. 1951 ला मालगुजारी गेली, ‘मामा (माजी मालगुजारी) तलाव’ हे नाव राहिलं. पूर्व विदर्भातल्या काही मौजांना आजही ‘चक’, ‘माल’, ‘तुकूम’ अशी शेपटं आहेत. गोंड राजांच्या काळात तलाव बांधणाऱ्याला दिलेल्या जमिनी म्हणजे तुकूम, असं सांगतात.

पुढचा प्रवास झटपट: 1948 च्या कायद्याच्या जनपद सभा (तालुक्यापुरत्या स्थानिक संस्था), 1956 ला मुंबई राज्य, 1962 ला जिल्हा परिषदा. रिठी मौजे गट ग्रामपंचायतीत शेजाऱ्याला जोडले गेले. ग्रामपंचायतीची सदस्यसंख्या लोकसंख्येवर ठरते, दीड हजारांपर्यंत सात, त्यामुळे रिठीची त्यात काहीच भर नसते. दप्तर तलाठ्याच्या साझ्यात, नकाशा मात्र स्वतंत्र. नवी रिठी गावंही तयार होतच आहेत: गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलेली, किंवा मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून हलवलेली बोरी, कोहा, कुंड.

गडचिरोलीत नेमकं उलट घडलं. चौरस किलोमीटरला जेमतेम 74 माणसं असलेल्या या जिल्ह्यात कित्येक टोल्यांवर, म्हणजे छोट्या वस्त्यांवर, घरं आहेत, पण त्यांची मोजदाद मूळ मौजात होते. 1996 चा पेसा कायदा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा) आणि राज्याचे 2014 चे नियम अशा टोल्याला स्वतःची ग्रामसभा मागू देतात.

रिठीचा प्रश्न आता मोबाईलवर येतो. पोरगा सातबारा काढायला बसतो, यादीत आपलं गाव निवडतो, आणि वावर काही सापडत नाही. मग बाजेवरून आजोबा सांगतो, ‘आपल्या गावात नको पाहू बापू, रिठीत पाह्य.’