गुरूंना प्रश्न विचारणं पाप आहे का?

'गुरूंना प्रश्न विचारला की साधना वाया जाते, शास्त्रातच तसं आहे', हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. आदरापोटी तो पटतो, हे समजण्यासारखं आहे. पण घरातली गीता उघडून पाहा. अध्याय ४, श्लोक ३४: ज्ञानासाठी नमस्कार, प्रश्न आणि सेवा, तिन्ही सांगितलंय. तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला तर अर्जुन थेट म्हणतो, तुझ्या बोलण्याने माझी बुद्धी गोंधळते. कृष्ण त्याला गप्प बसवत नाही, पुन्हा समजावतो. आणि इतकं सांगून झाल्यावरही (१८.६३) म्हणतो, नीट विचार कर, मग इच्छा असेल तसं कर. मला हे फार मोलाचं वाटतं. गुरूंचा अपमान करू नये हे खरंच, पण शंका विचारणं हा अपमान नव्हे. पुढच्या वेळी असा मजकूर आला, तर ग्रंथ आणि श्लोकाचा क्रमांक मागा.