नैराश्यप्रवणता

ताण, वियोग वा दीर्घ आजार वाट्याला आल्यास नैराश्य जडण्याचा इतरांपेक्षा अधिक असलेला संभव. प्रवणता असूनही अनेकांना हा विकार कधीच होत नाही. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या सुमारे दुप्पट आढळते.

नैराश्यात आनुवंशिकतेचा हात असतो, याबद्दल फारसे दुमत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांच्या २००० सालच्या एकत्रित आढाव्यात तिचा वाटा सुमारे ३७ टक्के निघाला. वाद आहे तो जनुकांविषयी. न्यूझीलंडमधील ड्युनेडिन येथे लहानपणापासून पाहणीत असलेल्या ८४७ व्यक्तींच्या आधारे अवशालोम कॅस्पी व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये असे मांडले, की सेरोटोनिन या मेंदूतील संदेशवाहक रसायनाच्या वहनाशी संबंधित जनुकाचा आखूड प्रकार असणाऱ्यांना आयुष्यातील आघात अधिक बाधतात. हे प्रतिपादन फार गाजले. मात्र २००९ मध्ये चौदा अभ्यास एकत्र तपासले असता त्याला पुष्टी मिळाली नाही. २०११ मधील अधिक व्यापक आढावा पुन्हा त्याच्या बाजूने गेला. २०१९ मध्ये बऱ्याच मोठ्या नमुन्यांवर अशी १८ बहुचर्चित जनुके पारखली गेली, तेव्हा एकाही जनुकाबाबतचा दावा टिकला नाही. त्याच वर्षी आठ लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीतून जनुकसंचातील १०२ वेगवेगळे बदल नैराश्याशी निगडित आढळले. त्यांपैकी प्रत्येकाचा परिणाम अगदी अल्प आहे. त्यामुळे एका जनुकाऐवजी अनेक जनुकांचा साचत जाणारा प्रभाव मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

आनुवंशिकतेखेरीज मानसिक व सामाजिक बाबीही महत्त्वाच्या मानल्या जातात. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आरन बेक यांनी स्वतः, जग व भविष्य यांविषयीच्या नकारात्मक धारणांवर भर दिला. ब्रिटिश संशोधक जॉर्ज ब्राउन व टिरिल हॅरिस यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांच्या अभ्यासातून (१९७८) प्रवणता वाढवणाऱ्या चार बाबी नोंदवल्या : अकराव्या वर्षाआधी आई गमावणे, घरात चौदा वर्षांखालील तीन किंवा अधिक मुले असणे, घराबाहेर नोकरी नसणे आणि मन मोकळे करावे असे जिवाभावाचे माणूस नसणे. यांतील शेवटची बाब विशेष महत्त्वाची दिसते.

मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल व सहकाऱ्यांच्या गोव्यातील अभ्यासात (२००२) प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य आढळले. आर्थिक ओढाताण व नवऱ्याशी बिघडलेले संबंध ही त्याची प्रमुख कारणे होती. मुलगी झाल्यास धोका वाढत होता. नैराश्य आलेल्यांपैकी ७८ टक्के स्त्रियांना गरोदरपणातच लक्षणीय मानसिक त्रास होता, त्यामुळे याबाबतची विचारपूस प्रसूतिपूर्व तपासणीतच व्हायला हवी.