प्रोग्रामच्या पोटात शिरणारे व्हायरस : लागण आणि सफाईची पार्श्वभूमी

संगणकात शिरणारे बहुतेक घातक प्रोग्राम आज स्वतःची वेगळी फाइल घेऊन येतात. ती फाइल आणि तिला सुरू करणारी नोंद सापडली की काम बरेचसे उरकते. फाइलींना लागण करणाऱ्या व्हायरसचे तसे नसते, कारण तो आपल्याच उपयोगाच्या, आपणच बसवलेल्या प्रोग्रामच्या फाइलीत स्वतःला लिहून ठेवतो. अशी फाइल पुसून टाकली तर व्हायरसबरोबर प्रोग्रामही जातो आणि तशीच ठेवली तर तो प्रोग्राम प्रत्येक वेळी उघडताना आणखी चार फाइली बाधित होतात. म्हणून येथे सफाई म्हणजे यजमान आणि पाहुणा यांना वेगळे करणे. ते किती जमेल हे पाहुणा कोणत्या वाटेने आत शिरला यावर अवलंबून असते, आणि ही वाट गेल्या चाळीस वर्षांत अनेकदा बदलली आहे.

या कल्पनेला शास्त्रीय रूप मिळाले ते १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेतील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात. फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने युनिक्स या कार्यप्रणालीवर चालणाऱ्या व्हॅक्स जातीच्या संगणकावर एक प्रयोग केला. फाइलींची रचना चित्ररूपाने दाखवणाऱ्या एका निरुपद्रवी प्रोग्रामच्या आरंभी त्याने स्वतःची प्रत काढणारा छोटा भाग जोडला आणि तो प्रोग्राम इतरांना वापरायला दिला. प्रयोग पाच वेळा झाला, पाचही वेळा हल्लेखोराला संपूर्ण यंत्रणेचे अधिकार मिळाले, आणि त्याला कधीही एक तासाहून अधिक वेळ लागला नाही. ‘व्हायरस’ हे नाव सुचवले ते त्याचे मार्गदर्शक लेनर्ड एडलमन यांनी. कोहेनने पुढे असेही सिद्ध केले की, कोणताही प्रोग्राम व्हायरस आहे की नाही हे दर वेळी अचूक सांगू शकणारा प्रोग्राम लिहिणे शक्य नाही. अँटिव्हायरसच्या जाहिराती वाचताना हा निष्कर्ष आठवलेला बरा.

विद्यापीठाबाहेर हा प्रकार वाढला तो डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर, आणि त्याला तिथली कॉम (.com) ही साध्या प्रकारची प्रोग्राम-फाइल कारणीभूत होती. ही फाइल जशीच्या तशी स्मृतीत (मेमरीत) चढते आणि तिच्या पहिल्याच बाइटपासून प्रोग्राम चालू होतो. व्हायरसला फारसे काही करावे लागत नसे : आरंभीचे तीन बाइट बाजूला जपून ठेवायचे, त्यांच्या जागी ‘शेवटाकडे उडी मारा’ अशी आज्ञा लिहायची आणि स्वतःला फाइलीच्या शेपटाला चिकटवायचे. काम झाल्यावर तो मूळ तीन बाइट स्मृतीत परत ठेवी आणि प्रोग्राम नेहमीसारखा सुरू होई, त्यामुळे वापरणाऱ्याला संशयही येत नसे. १९८७ मधील व्हिएन्ना हा व्हायरस याच रीतीचा. त्याची लांबी अवघी ६४८ बाइट होती. लागण झालेल्या फाइलीच्या वेळेतील सेकंदाच्या जागी तो ६२ हा आकडा लिहून ठेवी, म्हणजे एकाच फाइलीला दोनदा हात लावणे टळे. खरा धोका मात्र निराळा होता. साधारण आठातील एका फाइलीत तो स्वतःला न जोडता आरंभीच्या पाच बाइटांवर संगणक पुन्हा सुरू करण्याची आज्ञा लिहून टाकी. जिथे मूळ बाइट जपलेले आहेत तिथे ते परत जागेवर ठेवून फाइल बरी करता येते, पण जिथे त्यांच्यावरच लिहिले गेले तिथे जगातला कोणताही अँटिव्हायरस ते परत आणू शकत नाही. हा भेद आजही तितकाच लागू आहे.

त्याच वर्षी जेरुसलेममधील हिब्रू विद्यापीठात सापडलेला आणि त्या शहराच्याच नावाने ओळखला गेलेला व्हायरस कॉमबरोबर ईएक्सई (.exe) या दुसऱ्या प्रकारच्या प्रोग्राम-फाइलींनाही लागण करी. तो स्मृतीत ठाण मांडून बसे आणि चालवलेल्या प्रत्येक प्रोग्रामला बाधित करी. १३ तारखेला शुक्रवार आला की त्या दिवशी चालवलेले प्रोग्राम तो पुसून टाकी. त्याच्या लेखकाच्या एका चुकीमुळे ईएक्सई फाइलीला पुन्हा पुन्हा लागण होई आणि ती दर खेपेला सुमारे १,८०० बाइटांनी फुगत जाई. त्यामुळेच तो लोकांच्या लक्षात आला, असे म्हणायला हरकत नाही.

स्मृतीत बसून राहण्याच्या या युक्तीने सफाईचे सगळे गणित बदलले. १९८९ मध्ये बल्गेरियातून आलेला डार्क ॲव्हेंजर हा व्हायरस प्रोग्राम चालवण्याची वाटच पाहत नसे. फाइल केवळ उघडली तरी त्याला पुरे होई. परिणामी व्हायरस स्मृतीत असताना अँटिव्हायरसने संपूर्ण डिस्क तपासायला घेतली की, अँटिव्हायरस तपासासाठी उघडेल ती प्रत्येक प्रोग्राम-फाइल बाधित होत जाई. शिवाय हा व्हायरस अधूनमधून डिस्कवरच्या कोणत्याही एका भागावर गुपचूप लिहून ठेवी, त्यामुळे बॅकअपमध्येही बिघडलेल्या फाइली साठत. त्याच सुमाराचा फ्रोडो हा व्हायरस तर फाइलीची वाढलेली लांबी लपवी आणि कोणी ती वाचायला घेतली की तिचा मूळ, निरोगी मजकूर पुढे करी. ‘बाधित संगणकाच्या साक्षीवर विश्वास ठेवू नका, स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करा आणि मगच तपासा’ हा नियम या अनुभवांतून रुजला.

ओळख लपवण्याचा दुसरा मार्ग सांकेतिक लेखनाचा होता. पडद्यावरची अक्षरे गळून पडल्यासारखी दाखवणारा १९८७ चा कॅस्केड स्वतःचा मुख्य भाग सांकेतिक रूपात ठेवी, पण तो उलगडणारा छोटा भाग सगळीकडे सारखाच असल्याने पकडला जाई. १९९० पासून हा उलगडणारा भागही प्रत्येक प्रतीत निराळा करणारे बहुरूपी व्हायरस आले. ठरावीक बाइटांची ओळ शोधणे मग निरुपयोगी ठरले, आणि संशयित फाइल एका आभासी संगणकात थोडी चालवून, व्हायरसला स्वतःलाच उलगडू देऊन, मग ओळखण्याची पद्धत अँटिव्हायरस कंपन्यांना विकसित करावी लागली.

विंडोजमध्ये प्रोग्रामची फाइल अनेक विभागांत मांडलेली असते आणि विभागांच्या शेवटी रिकामी जागा उरते. १९९८ मध्ये तैवानच्या चेन इंग-हाउ या विद्यार्थ्याने लिहिलेला सीआयएच हा सुमारे एक किलोबाइटचा व्हायरस तुकडे होऊन याच पोकळ्यांत बसे, त्यामुळे फाइलीची लांबी बदलतच नसे. २६ एप्रिल १९९९ रोजी त्याने अनेक संगणकांच्या हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसला, तर काहींच्या मदरबोर्डवरील बायोसही (संगणक सुरू करणारा, चिपमध्ये लिहिलेला प्रोग्राम) खराब केले. ज्यांचे बायोस गेले त्यांना ती चिप बदलावी किंवा नव्याने लिहून घ्यावी लागली.

२००३ चा सॅलिटी, २००६ चा व्हायरट आणि २०१० चा रॅमनिट यांचा हेतू मात्र वेगळा होता. त्यांना संगणक बिघडवायचा नव्हता, तो दूरवरून राबवायचा होता. सॅलिटी अँटिव्हायरस बंद पाडी आणि विंडोजचा सेफ मोड (दुरुस्तीसाठी मोजक्याच गोष्टींसह सुरू होण्याची सोय) सुरू करणाऱ्या नोंदीच पुसून टाकी. रॅमनिट ईएक्सई आणि डीएलएल (अनेक प्रोग्राम मिळून वापरतात त्या) फाइलींबरोबर एचटीएमएल म्हणजे वेबपानांच्या फाइलींतही शिरे आणि बँकेचे पासवर्ड चोरी. व्हायरटमधील चुकांमुळे कित्येक फाइली अर्धवट लिहिल्या जात व कायमच्या नासत. त्याची एक गंमतही आहे : बाधित संगणकात आधीपासून असलेल्या दुसऱ्याच एखाद्या वर्मच्या (स्वतःच्या बळावर संगणकांतून पसरणाऱ्या घातक प्रोग्रामच्या) फाइलीलाही तो लागण करी आणि मग त्या वर्मच्या पाठीवर बसून पुढे जाई. पेन ड्राइव्ह लावताच आपोआप प्रोग्राम सुरू होण्याची विंडोजची सोय या काळात फार महागात पडली. मायक्रोसॉफ्टने ती विंडोज ७ मध्ये आवरली आणि २०११ मध्ये जुन्या आवृत्त्यांसाठीही तसा बदल दिला. व्हिस्टापासून सामान्य वापरकर्त्याला प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये सहज लिहिता येईनासे झाले, तेव्हा या जातीचा जोर आणखी कमी झाला.

सफाईची आजची रीत या सगळ्याचा वारसा आहे. बाधित संगणक प्रथम नेटवर्कपासून तोडावा, कारण सामायिक फोल्डरमधील फाइलींनाही लागण होते. दुसऱ्या, निरोगी संगणकावर एखाद्या विश्वासू अँटिव्हायरसची बचाव-डिस्क तयार करावी, शक्यतो लिहिण्यास बंद अशा माध्यमावर. तिच्यावरून संगणक सुरू करून सर्व डिस्क आणि त्या संगणकाला कधीही लावलेले सर्व पेन ड्राइव्ह तपासावेत. एकही फाइल सुटली तर दोन दिवसांत पुन्हा शेकडो होतात. ‘बरी केली’ असे अँटिव्हायरसने सांगितलेली फाइल मूळ फाइलीशी बाइटन्‌बाइट जुळतेच असे नाही. ती चालते एवढाच त्याचा अर्थ. म्हणून माझ्या मते शंभराहून अधिक फाइली बाधित निघाल्या असतील तर दुरुस्तीच्या मागे न लागता दस्तऐवज, छायाचित्रे आणि नोंदी तेवढ्या काढून घ्याव्यात, डिस्क फॉरमॅट करावी आणि प्रणाली व प्रोग्राम मूळ स्रोतावरून नव्याने बसवावेत. पासवर्ड बदलायचे तर तेही निरोगी संगणकावरूनच.

बॅकअप परत घेताना ईएक्सई, डीएलएल आणि स्क्रीनसेव्हरच्या फाइली वगळाव्यात, एचटीएमएल फाइली तपासूनच घ्याव्यात. जुन्या बाह्य डिस्कवर ‘सॉफ्टवेअर’ नावाचे एक फोल्डर बहुधा असतेच, आणि वर्षानुवर्षे जमवलेल्या इन्स्टॉलरच्या त्या साठ्यातला सॅलिटी पहिल्या डबल-क्लिकची वाट पाहत तसाच बसलेला असतो.