जीवनसत्त्वाची गोळी चालते, मग सलाईन का नाही?

माझी पुतणी कबड्डी खेळते. राष्ट्रीय स्पर्धेच्या शिबिराआधी तापातून उठली आणि वहिनी तिला गल्लीतल्या दवाखान्यात घेऊन गेली. "पोरीच्या अंगात त्राण नाही डॉक्टर, एक सलाईन लावा." मी पोचलो तेव्हा खिडकीच्या गजाला ५०० मिलिलिटरची बाटली टांगलेली होती. कंपाउंडरने बी कॉम्प्लेक्सची ॲम्प्यूल फोडून आत सोडली आणि पाणी पिवळंधमक झालं. सुई टोचायच्या आत मी हात धरला. वहिनी चिडली, "अहो भावजी, व्हिटॅमिनच तर आहे!"

वहिनीचं म्हणणं खरंच होतं. बी कॉम्प्लेक्स, क जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम यांपैकी काहीही वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, यादीत नाही. पण त्या यादीत पदार्थांबरोबर पद्धतींवरही बंदी आहे. शिरेतून १२ तासांत १०० मिलिलिटरपेक्षा जास्त द्रव घ्यायचा नाही, मग तो कसलाही असो. स्पर्धा असो वा नसो, नियम वर्षभर लागू. गजावरची ती बाटली मर्यादेच्या पाचपट होती.

बंदी पाण्यावर का? कारण शिरेतून भराभर द्रव गेला की रक्त पातळ होतं. ईपीओ हे तांबड्या पेशी वाढवणारं संप्रेरक घेऊन किंवा रक्त चढवून तांबड्या पेशी वाढवलेला खेळाडू तपासणीआधी सलाईन लावून ती वाढ लपवू शकतो. लघवीही पातळ होते, त्यामुळे उत्तेजकाचा अंश पकडणं अवघड जातं. पुतणीच्या मनात असलं काही नव्हतं, पण नियम मनातला हेतू बघत नाही.

अमेरिकेचा जलतरणपटू रायन लॉक्टी. ऑलिंपिकची १२ पदकं नावावर. २०१८ मध्ये त्याने सलाईन घेतानाचा स्वतःचा फोटो इंटरनेटवर टाकला. आत बंदी असलेला एकही पदार्थ नव्हता, तरी १४ महिने बाहेर बसावं लागलं. फ्रेंच फुटबॉलपटू समीर नासरीने २०१६ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका क्लिनिकमध्ये ५०० मिलिलिटरचं जीवनसत्त्वांचं ड्रिप घेतलं. आधी सहा महिन्यांची बंदी आली, मग ती १८ महिन्यांवर गेली. माझ्या पुतणीच्या बाटलीचं मापही तेच होतं, हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

तेच जीवनसत्त्व गोळीतून घेतलं तर आतड्यातून हळूहळू शोषलं जातं आणि रक्त पातळ होत नाही. शरीराला नको असलेलं बी कॉम्प्लेक्स लघवीवाटे निघून जातं. गोळी घेतल्यावर लघवी पिवळी होते ती त्यामुळेच. बी १२ ची कमतरता निघाली आणि डॉक्टरांनी दंडात एक मिलिलिटरचं इंजेक्शन दिलं, तरी हरकत नाही. मात्र गोळी म्हणजे औषधाच्या दुकानातली साधी गोळी. जिममध्ये मिळणाऱ्या पूरकांच्या, म्हणजे सप्लिमेंटच्या, डब्यांची गोष्ट वेगळी. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात ६३४ पूरकं तपासली होती. त्यातल्या ९४ मध्ये लेबलवर न लिहिलेली, बंदी असलेली हार्मोनसदृश द्रव्यं निघाली.

पुतणीला त्या दिवशी ओआरएस, मऊ भात आणि दोन दिवस झोप दिली. ती उठून बसली.

याचा अर्थ खेळाडूने सलाईन कधीच घ्यायचं नाही असा मुळीच नाही. डेंग्यू झाला, जुलाबाने शरीर कोरडं पडलं, शस्त्रक्रिया झाली, तर जीव आधी. रुग्णालयात दाखल असताना उपचार म्हणून दिलेलं सलाईन नियमातच माफ आहे. घरी किंवा गल्लीतल्या दवाखान्यात लावलेल्याला ती माफी नाही. तिथे उपचारासाठीची विशेष परवानगी लागते, आणि तातडीच्या वेळी तीच नंतर मागता येते. म्हणून केसपेपर, तपासण्यांचे रिपोर्ट आणि किती मिलिलिटर काय दिलं याची नोंद जपून ठेवा. अर्जासोबत तीच जोडावी लागते.