ज्या कारखान्याला बंद हंगामच नाही

लातूर, धाराशिव, बीडकडच्या साखर कारखान्यांचं वेळापत्रक तिथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटतो, उन्हाळा लागता लागता पट्टा पडतो. मग मिलचे रोलर उतरवायचे, बॉयलरच्या नळ्या बदलायच्या, टर्बाइन उघडायचं. पुढचा हंगाम बिनघोर जावा म्हणून सगळा पावसाळा हाताशी असतो. क्रूझ जहाजाला असा बंद हंगाम नसतो. सकाळी तीन-चार हजार प्रवासी उतरतात आणि त्याच संध्याकाळी तितकेच नवे घेऊन जहाज निघतं, तेही वर्षाचे बाराही महिने. तरीही त्याची इंजिनं उघडली जातात, पाइप बदलले जातात, पत्रा कापून नवा जोडला जातो. बरंचसं काम वर नाचगाणी चालू असतानाच होतं.

नियमांनुसार प्रवासी जहाजाचा तळ दरवर्षी तपासावा लागतो. पाच वर्षांत किमान दोनदा तरी ही तपासणी ड्राय डॉकमध्ये, म्हणजे जहाज पाण्याबाहेर घेऊन, करावी लागते. एरवी पाणबुडे कॅमेरा घेऊन खाली जातात. डॉकमधला मुक्काम दोन-तीन आठवड्यांचा. तेवढ्यात बुडाचा रंग, प्रोपेलरची सील आणि पाण्याखालचे व्हॉल्व्ह उरकायचे, शिवाय हॉटेलची, म्हणजे प्रवाशांच्या भागाची, डागडुजी. इंजिनं त्यात बसत नाहीत. म्हणून बहुतेक जहाजांच्या यंत्रांची तपासणी वाटून घेतलेली असते. दरवर्षी साधारण एक-पंचमांश यंत्रं उघडून वर्गीकरण संस्थेच्या, म्हणजे जहाज तपासून दाखला देणाऱ्या संस्थेच्या, सर्व्हेअरला दाखवायची, पाच वर्षांत फेरा पूर्ण. ही उघडझाक चालत्या जहाजावरच होते.

हे जमतं कारण मोठ्या क्रूझ जहाजात इंजिन आणि पंखा (प्रोपेलर) एकमेकांना थेट जोडलेले नसतात. डिझेल इंजिनं जनरेटर फिरवतात आणि त्या विजेवर मोटारी पंखे फिरवतात. २००९ साली सेवेत आलेल्या ‘ओएसिस ऑफ द सीज’वर अशी सहा इंजिनं आहेत, तीन बारा सिलिंडरची आणि तीन सोळा सिलिंडरची. मिळून सुमारे ९७ मेगावॉट वीज. जहाज पुढे ढकलायला २० मेगावॉटचे तीन पॉड, म्हणजे तळाखाली टांगलेल्या, मोटार आणि पंखा एकत्र असलेल्या कोठ्या. उरलेल्या विजेवर एसी, भटारखाना, लाँड्री, लिफ्ट आणि दिवे चालतात. बंदरात उभं असताना एखाद-दुसऱ्या इंजिनावर भागतं, बाकीची उघडायला मोकळी.

समुद्रात असतानाही एखादं इंजिन बंद ठेवणं वाटतं तितकं महाग पडत नाही. वेग आणि त्यासाठी लागणारी शक्ती यांचं नातं साधारण घनाचं असतं. म्हणून पंख्यांना मिळणारी वीज पाऊणपट झाली तर वेग पाऊणपट होत नाही, तो सुमारे ९१ टक्के राहतो. २२ नॉटचं (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जहाज २० नॉटने जातं. वीज निम्मी झाली तरी साडेसतरा नॉट मिळतात. एक मेख मात्र आहे. एसी आणि भटारखान्याची वीज कमी करता येत नाही, त्यामुळे जो खड्डा पडतो तो सगळा पंख्यांच्या वाट्याला येतो. ‘तांत्रिक कारणामुळे’ एखादं बंदर रद्द झाल्याची घोषणा होते, तेव्हा पुष्कळदा हेच गणित मागे असतं.

एका सिलिंडरचं काम कसं चालतं ते जवळून बघण्यासारखं आहे. ४६० मिलिमीटर बोअरचं (म्हणजे सिलिंडरच्या आतल्या व्यासाचं), मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेणारं इंजिन घ्या. पिस्टन बाहेर काढायची वेळ काही हजार तासांनी येते. नेमकी कधी, ते इंधनाच्या प्रतीवर आणि उत्पादकाच्या तक्त्यावर ठरतं. काम सुरू करण्याआधी इंजिनाचा भार उतरवून ते बंद करतात, जनरेटरचा ब्रेकर बाहेर ओढतात, इंजिन सुरू करायला लागणाऱ्या दाबाच्या हवेचा व्हॉल्व्ह बंद करून लाइनमधली हवा सोडतात, इंधन आणि पाणी तोडतात, इंजिन सावकाश फिरवायचं टर्निंग गिअर गुंतवतात. प्रत्येक ठिकाणी कुलूप आणि नावाची पट्टी. किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात. कंट्रोल रूममध्ये बसलेल्या माणसाला चुकूनही इंजिन सुरू करता येऊ नये, एवढ्यासाठी हा खटाटोप.

क्रँककेसची, म्हणजे इंजिनाच्या खालच्या बंद पेटीची, दारं लगेच उघडायची नसतात. आतलं बेअरिंग तापलेलं असेल तर तेलाची वाफ धुक्यासारखी साचलेली असते. दार उघडलं की बाहेरची हवा आत जाते आणि स्फोट होऊ शकतो. म्हणून निदान दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, उत्पादक जास्त सांगत असेल तर जास्त. घाईत हे थांबणंच वगळलं जातं आणि तेच अंगाशी येतं.

मग पाणी काढून पाइप सोडवतात. हेडचे, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणाचे, चारही स्टड हायड्रॉलिक जॅक लावून एकाच वेळी ताणतात आणि नट सैल करतात. पाना मारून एकेक नट सोडला तर ताण एका बाजूला जातो. टनभराच्या आसपासचं हेड वरच्या क्रेनने उचलतात. कनेक्टिंग रॉड सोडवून पिस्टन वर खेचतात. लायनरचा, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याचा, व्यास वेगवेगळ्या उंचीवर, प्रत्येक उंचीवर दोन दिशांनी मोजतात, कारण झीज गोल नसते. पिस्टनच्या रिंगा बसतात त्या खाचा गेजने तपासतात. नव्या रिंगा घालताना त्यांची तोंडं एकाखाली एक येऊ द्यायची नाहीत, नाहीतर गॅस सरळ खाली उतरतो.

जोडणीत घात करणाऱ्या गोष्टी क्षुल्लक असतात. लायनरची रबरी रिंग बसवताना चिमटली की थंड करायचं पाणी हळूहळू तेलात उतरतं. तेलाच्या वाटेत पुसायचं फडकं राहिलं की बेअरिंग कोरडं पडतं. म्हणून आत नेलेलं प्रत्येक हत्यार आणि फडकं मोजून बाहेर आणतात. जोडून झालं की आधी पाण्याचा दाब देऊन गळती बघायची, तेलाचा पंप चालवून प्रत्येक बेअरिंगमधून तेल टपकतंय ना ते डोळ्यांनी पाहायचं, इंडिकेटर कॉक (सिलिंडरवरच्या छोट्या तोट्या) उघडे ठेवून इंजिन सावकाश फिरवायचं. थोडा वेळ बिनभाराने चालवून पुन्हा बंद करायचं, थांबायचं आणि बेअरिंगचं तापमान तपासायचं. मगच टप्प्याटप्प्याने भार. ताज्या रिंगांवर एकदम पूर्ण भार दिला की लायनर चरतो आणि सगळा खटाटोप पहिल्यापासून करावा लागतो.

आमच्या मते या सगळ्यातला खरा प्रश्न हातकामाचा नाही. फिटर कुशल असतात आणि तक्ते छापील असतात. उघडलेलं इंजिन बाजूला धरलं तर उरलेल्यांत किती दम आहे आणि पुढचे बारा तास जहाज कुठे असणार आहे, हा खरा प्रश्न. अरुंद खाडीत, बंदराच्या तोंडाशी किंवा वादळाच्या इशाऱ्यात काहीही उघडायचं नसतं.

नॉर्वेच्या किनाऱ्याजवळ २३ मार्च २०१९ रोजी ‘व्हायकिंग स्काय’ जहाजाचं काय झालं ते याच प्रश्नाचं उत्तर आहे. चारपैकी एका जनरेटरचा टर्बोचार्जर नादुरुस्त असल्याने तो बंद होता. उरलेल्या तिघांच्या वंगणतेलाच्या टाक्या उत्पादकाने सांगितलेल्या ६८ ते ७५ टक्क्यांऐवजी २८ ते ४० टक्केच भरलेल्या होत्या. शांत पाण्यात यातलं काहीच जाणवलं नसतं. वादळात जहाज हेलकावे घेऊ लागलं तसं टाकीतलं तेल एका बाजूला झुकलं, पंपाने हवा ओढली, तेलाचा दाब पडला आणि स्वतःला वाचवण्यासाठी इंजिनं एकामागोमाग बंद झाली. जहाजावर १,३७३ माणसं होती. खडकांना लागायला जहाजाच्या एका लांबीइतकंही अंतर उरलं नव्हतं. ४७९ जणांना हेलिकॉप्टरने उचलावं लागलं. चौथं इंजिन तयार असतं तरी टाक्या अर्ध्याच असत्या हे खरं, पण नियमानुसार ते इंजिन नसताना जहाजाने बंदर सोडायलाच नको होतं, असं चौकशी अहवालात म्हटलं आहे.

दुसरा धोका म्हणजे नुसत्याच लावून ठेवलेल्या सुरक्षा यंत्रणा. मोटारींना वीज पुरवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेमुळे विजेची लहर वेडीवाकडी होते. ती सरळ करायला कपॅसिटर आणि कॉइलचे फिल्टर बसवलेले असतात. कपॅसिटर वयानुसार खंगतात. २३ सप्टेंबर २०१० रोजी बार्सिलोनाजवळ ‘क्वीन मेरी २’च्या मागच्या फिल्टरमधला खंगलेला कपॅसिटर फुटला, ११,००० व्होल्टच्या खोलीत स्फोट झाला आणि जहाज अंधारात गेलं. सुमारे तासाभराने ते पुन्हा चालू लागलं. कुणाला इजा झाली नाही. प्रवाहातला असमतोल ओळखून आधीच इशारा देणारी यंत्रणा तिथे होती, पण ती चालतच नव्हती. अलार्म वाजत नाही याचे अर्थ दोन असतात, हे कुठल्याही कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला सांगायला नको.

आणि गळती. इंधनाचा बारीक फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर पडला की आग. म्हणून २२० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापणाऱ्या पृष्ठभागांना वेष्टण घालावं लागतं. १० फेब्रुवारी २०१३ रोजी मेक्सिकोच्या आखातात ‘कार्निव्हल ट्रायम्फ’च्या सहाव्या जनरेटरची परतीच्या इंधनाची लवचीक नळी गळली. लागलेली आग विझली, पण केबलींची हानी होऊन वीज परत आलीच नाही आणि चार हजारांवर माणसांसह जहाज ओढत न्यावं लागलं. रबरी नळी बाहेरून ठणठणीत दिसते, आतून कडक झालेली असते. तिचं आयुष्य तारखेने मोजायचं, दिसण्यावरून नाही. १ जुलै २०१० नंतर बांधणी सुरू झालेल्या मोठ्या प्रवासी जहाजांची रचनाच अशी करावी लागते की ठरावीक मर्यादेतली आग किंवा पूर आला तरी ती स्वतःच्या बळावर बंदर गाठतील.

प्रवाशाचा रोजचा संबंध मात्र नळाशी आणि संडासाशी. ‘ओएसिस’सारख्या मोठ्या जहाजावर कर्मचारी धरून आठ हजार माणसं आणि दर माणशी २५० लिटर धरलं तर दिवसाला २० लाख लिटर गोडं पाणी होतं. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला येणारी ५० वाघिणींची पाण्याची गाडी २५ लाख लिटर आणत होती, त्यावरून आकाराचा अंदाज यावा. हे पाणी जहाज बव्हंशी स्वतःच करतं. इंजिन थंड करून आलेल्या गरम पाण्याची उष्णता वापरून निर्वातात समुद्राचं पाणी कमी तापमानाला उकळायचं, किंवा ५५ ते ६५ बार दाबाने आरओच्या पडद्यातून ढकलायचं. पाण्याचा पाइप कापून नवा तुकडा जोडला, तर तो भाग लगेच सुरू करत नाहीत. अमेरिकी बंदरांच्या आरोग्य नियमांप्रमाणे दर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी चार तास भरून ठेवायचं, धुवून काढायचं आणि मगच केबिनकडे सोडायचं. त्यामुळे अर्ध्या तासाच्या कामाला अख्खी रात्र जाते.

संडास व्हॅक्यूमवर चालतात. एका फ्लशला लिटरभर पाणी पुरतं, कारण मैला हवेच्या दाबाने ओढला जातो. आपल्याकडच्या पाइपांत उतार नसला की तुंबतं, इथे पाइप वरही चढू शकतो. पण एका केबिनचा झडपेचा रबर अडकला आणि हवा आत येत राहिली, की त्या पट्ट्यातल्या सगळ्या केबिनचा व्हॅक्यूम पडतो. तक्रार चाळीस खोल्यांतून येते, दोष एकाच खोलीत असतो. माणूस विभागांचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करतो आणि गेजकडे बघत राहतो. ज्या व्हॉल्व्हनंतर काटा सावरतो, दोष त्याच्या पलीकडे. मग त्या बोळातून सुस्काऱ्याचा आवाज ऐकत जायचं. दुसरा शत्रू पाइपात चढणारा क्षारांचा दगडी थर. तो वेळच्या वेळी आम्लाने धुतला नाही तर पुढे पाइपच कापावा लागतो. बाकी तुंबायला टॉवेल आणि अंतर्वस्त्रं पुरतात.

वेल्डिंगला सगळ्यात जास्त जपावं लागतं, कारण पत्र्याच्या दुसऱ्या बाजूला कुणाची तरी केबिन असते. परवाना, दोन्ही बाजूंना आगीवर नजर ठेवणारा माणूस, काम संपल्यावरही निदान अर्धा तास पहारा. धुराने अलार्म वाजू नये म्हणून त्या भागाचे सेन्सर बंद करतात. ते पुन्हा सुरू करायला विसरणं ही सगळ्यात वाईट चूक, कारण ती चूक झाल्याचं कुठेच दिसत नाही. रंगकाम ब्रश-रोलरने, वाऱ्याची दिशा आणि एसीची हवा ओढणारी तोंडं बघून. गंज ठोकायचं काम प्रवासी किनाऱ्यावर गेल्यावर.

पाण्याखाली पाणबुडे उतरतात तेव्हा वर निळा-पांढरा झेंडा चढतो. पंखे, थ्रस्टर (जहाज आडवं सरकवणारे छोटे पंखे) आणि पाणी ओढणारे पंप कुलूपबंद होतात. थ्रस्टरचं सील बदलायचं असेल तर त्याभोवती बंदिस्त कोठी बसवून आत हवा भरतात आणि कोरड्यात काम करतात, जहाज धक्क्यालाच उभं.

जीवरक्षक बोटींच्या तारांचा हिशेब वेगळा आहे. बोट जागेवर टांगलेली असताना तारेचा ठरावीक भाग कायम कप्पीवर वाकलेला राहतो. तिथे ग्रीस पोचत नाही, खारं पाणी मात्र पोचतं आणि गंज आतून धरतो. तार पाच वर्षांच्या आत बदलावीच लागते, खराब दिसली तर त्याआधीच. १० फेब्रुवारी २०१३ रोजी कॅनरी बेटांवरच्या ला पाल्मा बंदरात ‘थॉमसन मॅजेस्टी’ची अशी तार सरावादरम्यान तुटली आणि बोटीतले पाच कर्मचारी दगावले. म्हणून सरावात आधी रिकामी बोट पाण्यापर्यंत सोडून पुन्हा वर घ्यायची, तारा, ब्रेक आणि हूक तपासायचे, मगच तिच्यात माणसं चढवायची.