फोल्डर नेव्हिगेशन : विंडोज व्हिस्टातला बदल आणि ‘वर’ जायचं बटण

फोल्डर नेव्हिगेशन म्हणजे कम्प्युटरवर एका फोल्डरातून दुसऱ्यात जाणं, परत येणं आणि आत्ता आपण कुठे आहोत हे कळणं. रोजचा वापर सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे या नोंदीत भर आहे तो विंडोज व्हिस्टामुळे (बाजारात 30 जानेवारी 2007) एक्सप्लोररचं (विंडोजमध्ये फाइल्स आणि फोल्डर दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचं) रूप बदललं त्यावर. विशेष करून ‘वर’ जायचं बटण तेव्हा का गेलं आणि 2012 मध्ये विंडोज 8 मध्ये परत का आलं यावर.

आधी एक फरक नीट लक्षात घ्यायला हवा, कारण पुढचा सगळा वाद त्यावरच उभा आहे. ‘मागे’ आणि ‘वर’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समजा डी ड्राइव्हवर ‘फोटो’, त्यात ‘2006’, त्यात ‘गणपती’ असे फोल्डर आहेत आणि तुम्ही डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटने थेट ‘गणपती’ उघडलात. आता ‘वर’ म्हटलं की ‘2006’ यायला पाहिजे, कारण गणपतीचा फोल्डर त्याच्या पोटात आहे. पण ‘मागे’ काहीच नाही, कारण या खिडकीत तुम्ही त्याआधी कुठे गेलाच नव्हतात, म्हणून ते बटण फिकं दिसतं. ‘वर’ हे डिस्कवरच्या रचनेवरून ठरतं आणि ‘मागे’ हे तुमच्या फिरण्यावरून. पायरी-पायरीने आत गेलं तर दोन्ही एकाच जागी नेतात, आणि म्हणूनच ती एकच आहेत असा समज होतो.

उगम

फोल्डरात फोल्डर ही झाडासारखी रचना साधारण 1960 च्या दशकाच्या मध्यापासूनची मानतात. मल्टिक्स या सिस्टिमच्या फाइल-रचनेवरचा डेली आणि न्यूमन यांचा 1965 चा निबंध त्यासाठी सहसा दाखवला जातो. युनिक्सने ती रचना पुढे नेली आणि ‘एक पायरी वर’ यासाठी दोन टिंबं ही खूण रूढ केली. एमएस-डॉसमध्ये सबडिरेक्टरी (फोल्डरातले फोल्डर) आल्या त्या 2.0 पासून, म्हणजे 1983 मध्ये. त्याआधी डिस्कवर सगळ्या फाइल्स एकाच यादीत असायच्या. कागदी फोल्डरचं चित्र पडद्यावर आणणारी बाजारातली पहिली महत्त्वाची मशीन म्हणून झेरॉक्स स्टारचं (1981) नाव घेतात.

इथे मॅकिंटॉशची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती बऱ्याच ठिकाणी गाळली जाते. 1984 च्या मूळ मॅकवर फोल्डर दिसायचे, त्यांत फाइल टाकता यायची, पण त्याची फाइल सिस्टिम (एमएफएस) सपाट होती, म्हणजे फोल्डर हा फक्त फाइंडरने (मॅकच्या फाइल मॅनेजरने) राखलेला देखावा होता. याचा परिणाम असा की दोन वेगळ्या फोल्डरांत एकाच नावाच्या दोन फाइल्स ठेवता यायच्या नाहीत, कारण डिस्कच्या लेखी त्या एकाच यादीत होत्या. खरी झाडासारखी रचना 1985 मध्ये एचएफएस या नव्या फाइल सिस्टिमबरोबर आली. तरीही मॅकची मूळ कल्पना, एका फोल्डरची एकच खिडकी आणि ती जिथे ठेवली तिथेच पुन्हा उघडणार, पुढे बराच काळ टिकली. तिला ‘स्पेशियल’ पद्धत म्हणतात.

विंडोज 3.0 च्या फाइल मॅनेजरमध्ये (1990) यादीच्या सगळ्यात वर दोन टिंबं आणि वर जाणारा बाण असायचा, तिथून वरच्या डिरेक्टरीत जायचं. विंडोज 95 ने (24 ऑगस्ट 1995) याचंच टूलबारवर बटण केलं आणि विंडोज एक्सपीपर्यंत ते पिवळ्या फोल्डरवर हिरवा बाण अशा रूपात सगळ्यांच्या ओळखीचं झालं. ‘मागे’ आणि ‘पुढे’ मात्र इंटरनेट ब्राउझरमधून आले, 1997 चा इंटरनेट एक्सप्लोरर 4 आणि त्यापाठोपाठ विंडोज 98 मधून. म्हणजे एक्सपीच्या टूलबारवर ही बटणं शेजारी-शेजारी दिसत असली तरी त्यांची घराणी वेगळी आहेत.

ब्रेडक्रम्ब पट्टी कोणाची?

व्हिस्टातला मोठा बदल म्हणजे ॲड्रेस बारमध्ये बॅकस्लॅशने जोडलेल्या ओळीच्या (पाथच्या) जागी फोल्डरांच्या नावांची साखळी आली आणि तिच्यातलं प्रत्येक नाव क्लिक करता येऊ लागलं. हिला ब्रेडक्रम्ब पट्टी म्हणतात. ती आली कुठून यावर एकमत नाही. एक मत असं की 1990 च्या दशकात वेबसाइट्सवर पानाच्या डोक्यावर ‘मुख्यपान, विभाग, उपविभाग’ अशी साखळी द्यायची पद्धत पडली आणि तीच फाइल मॅनेजरमध्ये शिरली. दुसरं मत हिचं मूळ नेक्स्ट कंपनीच्या नेक्स्टस्टेप सिस्टिममध्ये (1.0 आवृत्ती 1989) बघतं. त्यातल्या फाइल व्ह्यूअरमध्ये वरच्या भागात मूळ डिरेक्टरीपासून चालू फोल्डरपर्यंत आयकॉनांची ओळ असायची, कुठल्याही आयकॉनवर क्लिक केलं की तिथे पोचायचं, आणि खाली प्रत्येक आतला फोल्डर शेजारच्या रकान्यात उघडणारे कॉलम असायचे. हे काम आणि पुढची ब्रेडक्रम्ब पट्टी यांत तत्त्वाचा फरक दिसत नाही आणि हे वेबच्याही आधीचं आहे, त्यामुळे कल्पनेपुरतं दुसरं मत जास्त पटतं. पण मजकुराच्या एका ओळीतली बटणं हे जे रूप आज ओळखीचं आहे ते वेबच्या वळणाचं आहे हेही मान्य करायला हवं. लिनक्सकडे जीटीके या खिडक्या-बटणं बनवायच्या साधनसंचाच्या 2.4 आवृत्तीतल्या (मार्च 2004) फाइल निवडायच्या खिडकीत अशी बटणांची पट्टी व्हिस्टाच्या आधीच होती, आणि मायक्रोसॉफ्टने लाँगहॉर्न या नावाने व्हिस्टाचं काम चालू असताना दाखवलेल्या सुरुवातीच्या बिल्डमध्येही (अपुऱ्या आवृत्त्यांतही) तिचं रूप दिसतं. त्यामुळे कोणी कोणाचं उचललं असं ठामपणे म्हणण्यापेक्षा दोन्हीकडे साधारण एकाच काळात ती पक्व झाली असं म्हणणं बरं.

व्हिस्टाच्या पट्टीत एक खरोखर उपयोगी भर होती. दोन नावांमधल्या छोट्या बाणावर क्लिक केलं की डावीकडच्या फोल्डरातले सगळे सबफोल्डर खाली उघडतात, त्यामुळे ‘2006’ मधून ‘2005’ मध्ये जायला वर जाऊन परत खाली यावं लागत नाही. पट्टीतल्या रिकाम्या जागी क्लिक केलं की जुना मजकुरी पाथ दिसतो, तो कॉपीही करता येतो. हे दोन्ही आजही चालतं आणि बरेच जण ते वापरत नाहीत.

बटण गेलं, परत आलं

पट्टीमुळे वरच्या फोल्डरचं नाव कायम समोर आहे, मग वेगळं बटण कशाला, हा बटण काढण्यामागचा विचार. तो वरवर बरोबर वाटतो. पण वापरणाऱ्यांच्या दोन तक्रारी होत्या आणि त्या रास्त होत्या. एक म्हणजे बटण एका जागी असतं, न बघता तीनदा दाबलं की तीन पायऱ्या वर, पण पट्टीत वरच्या फोल्डरचं नाव दर वेळी वेगळ्या जागी आणि वेगळ्या लांबीचं, म्हणजे प्रत्येक पायरीला वाचून नेम धरायचा. दुसरं, नावं लांब असली किंवा खिडकी अरुंद असली की पट्टीतली सुरुवातीची नावं दुहेरी बाणामागे लपतात. त्यातच बॅकस्पेसचा अर्थ बदलला : एक्सपीत ती की एक पायरी वर न्यायची, व्हिस्टापासून मागे नेते. वर जायला ऑल्ट आणि वरचा बाण ही जोडी होती, पण पडद्यावर ती कुठेच दिसत नसल्याने आधी माहीत असेल तरच उपयोग. क्लासिक शेलसारख्या फुकट प्रोग्रॅमनी हे बटण परत बसवून दिलं त्यालाही मागणी होती. विंडोज 7 मध्ये (2009) बटण आलं नाहीच, उलट डावीकडचं झाड तुम्ही उघडलेल्या फोल्डरापर्यंत आपोआप उलगडायचं बंद झालं, ते सेटिंगमधून चालू करावं लागतं. विंडोज 8 मध्ये ॲड्रेस बारच्या डाव्या अंगाला वरचा बाण परतला आणि विंडोज 10, 11 मध्ये तो तिथेच आहे.

व्हिस्टात जागांची नावंही बदलली. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ जाऊन ‘युजर्स’ आलं, ‘माय’ हा शब्द गळला. जुने प्रोग्रॅम अडू नयेत म्हणून जुन्या नावाचा एक लपवलेला जोड ठेवला होता, जो प्रोग्रॅमला बरोबर नव्या जागी पाठवतो पण माणसाने डबल-क्लिक केलं तर ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणतो. आपला डेटा उडाला किंवा व्हायरस शिरला असं यावरून अनेकांना वाटायचं, प्रत्यक्षात फाइल्स ‘युजर्स’ मध्ये सुखरूप असायच्या.

इतर सिस्टिम

मॅकवर असाच धक्का 24 मार्च 2001 ला ओएस टेनने दिला, नेक्स्टचे कॉलम फाइंडरात आले आणि स्पेशियल पद्धत मोडली. तंत्रज्ञान-लेखक जॉन सिराक्युसा यांनी 2003 मध्ये यावर केलेली सविस्तर टीका अजून वाचली जाते. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपने उलटा प्रवास केला, 2.6 मध्ये (मार्च 2004) स्पेशियल पद्धत डिफॉल्ट केली आणि 2.30 मध्ये (मार्च 2010) ती सोडून दिली. 2012 च्या 3.6 मध्ये खिडकीचे दोन भाग करायची सोय काढली तेव्हा लिनक्स मिंटने निमो हा वेगळा फाइल मॅनेजरच काढला.

विंडोज 11 मध्ये (5 ऑक्टोबर 2021) रिबन (वरची बटणांची रुंद पट्टी) जाऊन टूलबार आखूड झाला, राइट-क्लिकचा जुना मेनू ‘शो मोअर ऑप्शन्स’ मागे गेला, 2022 मध्ये टॅब आले. पुढे नवी ॲड्रेस पट्टी देताना फाइल ओढून पट्टीतल्या नावावर टाकायची सोय गेली होती, ती 2024 मध्ये परत दिली.

देवनागरी नावं

व्हिस्टापासून महत्त्वाच्या सिस्टिम फोल्डरांची नावं डिस्कवर सगळ्या भाषांत इंग्रजीच राहतात आणि दिसणारं नाव तेवढं भाषेप्रमाणे बदलतं, एक्सपीत जर्मनसारख्या आवृत्त्यांत डिस्कवरचं नावच बदललेलं असायचं. त्यामुळे मराठी इंटरफेस वापरताना पट्टीत मराठी नाव आणि मजकुरी पाथमध्ये इंग्रजी असं दिसलं तर गडबड नाही, जागा एकच आहे. स्वतः केलेल्या फोल्डराला देवनागरी नाव बिनधास्त द्यावं, फक्त विंडोजची पूर्ण पाथची जुनी मर्यादा 260 अक्षरांची आहे आणि तिच्यात काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या मोजल्या जातात : ‘निवडणूक’ आपल्याला पाच अक्षरं वाटतात, मोजणीत सात भरतात. लिनक्सच्या एक्स्ट4 या फाइल सिस्टिमवर एका नावाला 255 बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, म्हणजे एका नावात जास्तीत जास्त 85 चिन्हं.